डाव्या पायातील जुनी गुठळी आणि ओटीपोटातील शिरेचा स्टेंट: काय पाहून निर्णय घ्यावा?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. माझ्या वहिनींच्या उपचाराबाबत येथील जाणकारांचे मत हवे आहे. वहिनींचे वय ३६ आहे. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा डावा पाय जांघेपासून पावलापर्यंत सुजला होता. डॉपलर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) मांडीच्या आणि तिच्यावरच्या शिरेत गुठळी निघाली, आधी इंजेक्शने झाली, मग सहा महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालल्या आणि नंतर त्या बंद करण्यात आल्या. या गोष्टीला आता सात वर्षे झाली, पण सूज कधीच पूर्ण उतरली नाही. डाव्या पायातले जोडवे रुतू लागल्यामुळे सोनाराकडून कापून काढावे लागले. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि कडक झाली असून तेथे गेल्या दीड वर्षापासून एक जखम आहे, ती भरत येते आणि पुन्हा चिघळते. कापूस वेचून परत येताना निम्म्या वाटेतच पोटरी आतून तडकते आहे असे वाटून त्यांना बांधावर बसावे लागते. पाय उंचावर ठेवला की तो ठणका हळूहळू कमी होतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ओटीपोटावर, अगदी खालच्या भागात, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या निळ्या फुगीर शिरा दिसू लागल्या आहेत.

मध्यंतरी एका खासगी दवाखान्यात या सगळ्याला व्हेरिकोज व्हेन्स (वरवरच्या शिरा फुगणे) ठरवून लेझर करण्याचा सल्ला मिळाला होता, तो आम्ही मानला नाही. आता नांदेडला सीटी व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा सीटी स्कॅन, झाला. त्यात डाव्या बाजूची कॉमन इलिॲक आणि एक्स्टर्नल इलिॲक, म्हणजे पायाचे रक्त ओटीपोटातून वर नेणारी शीर, जुन्या गुठळीमुळे पूर्ण बंद असल्याचे आणि पोटातील मोठी शीर, म्हणजे आयव्हीसी, मोकळी असल्याचे लिहिले आहे. डॉक्टरांनी स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, सुचवला आहे.

घरात दोन मते आहेत. दादांना वाटते की स्टेंट हा हृदयाचा उपचार आहे, पायासाठी एवढा खर्च आणि जोखीम कशाला. मला वाटते की जखमेने माणूस खचत चालला आहे. स्टेंट टाकल्यावर सूज आणि जखम खरोखर जाते का, तो किती वर्षे उघडा राहतो, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का आणि उकिडवे बसून करायची शेतातली कामे पुढे करता येतील का, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

शिरांचा_वैद्य (छत्रपती संभाजीनगर)

मी रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक आहे. रुग्ण न तपासता लिहीत असल्यामुळे हे मत त्या मर्यादेतच घ्यावे, परंतु आपण दिलेले वर्णन इतके नेमके आहे की काही गोष्टी खात्रीने सांगता येतात.

ओटीपोटावरील त्या निळ्या शिरांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याकडे बहुधा कोणी लक्ष देत नाही. डाव्या पायाचे रक्त वर जाण्याचा हमरस्ता बंद झाल्यामुळे ते त्वचेखालच्या लहान शिरांतून उजव्या बाजूला वळून पुढे आयव्हीसीत जात आहे. शरीराने स्वतः तयार केलेला हा वळणमार्ग आहे आणि तो अपुरा पडत असल्यामुळे चालताना, जेव्हा पायात रक्ताचा ओघ वाढतो, तेव्हा पोटरी फुटेल असे दुखते. अशा रुग्णात वरच्या अडथळ्याचा विचार न करता केवळ पायाच्या वरवरच्या शिरांवर लेझर करणे योग्य ठरले नसते. आपण थांबलात हे चांगले झाले.

डावाच पाय का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या इलिॲक शिरेवरून आडवी जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते. गुठळ्या डाव्या बाजूला अधिक होतात, हे जर्मन रोगशास्त्रज्ञ फिर्खो यांनी १८५१ मध्येच नोंदवले होते. ऑस्ट्रियातील मे आणि थर्नर यांनी १९५७ मध्ये ४३० मृतदेहांच्या तपासणीत २२ टक्क्यांमध्ये त्या दाबाच्या जागी शिरेच्या आत पडदे किंवा पट्टे तयार झाल्याचे दाखवले. गरोदरपणात गर्भाशयाचा भार आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती यांची भर पडते, म्हणून बाळंतिणीचा डावा पाय सुजणे ही आमच्या बाह्यरुग्ण विभागात अगदी ओळखीची गोष्ट आहे. तेव्हाच्या गोळ्यांनी गुठळी वाढायची थांबली, परंतु ती विरघळवणे हे त्या गोळ्यांचे काम नव्हे. उरलेल्या गुठळीचे हळूहळू तंतुमय व्रणात रूपांतर झाले आणि शीर आतून जखडली गेली.

आता स्टेंटविषयी. हृदयाच्या स्टेंटशी याचे नावापलीकडे फारसे साम्य नाही. हृदयाचा स्टेंट साधारण ३ मिलिमीटर व्यासाचा असतो. इलिॲक शिरेत १४ ते १६ मिलिमीटर व्यासाचा आणि कित्येक सेंटिमीटर लांबीचा, स्वतःहून उलगडणारा स्टेंट लागतो. धमनीत चरबीचा थर असतो, येथे व्रण असतो. नुसता फुगा फुगवून तो ताणला तर फुगा काढताच शीर पुन्हा मिटते, म्हणून स्टेंटशिवाय पर्याय नसतो. मांडीतील किंवा मानेतील शिरेतून सोनोग्राफीच्या मदतीने तार आत घालतात, ती बंद भागातून पार नेणे हाच शस्त्रक्रियेतील सर्वांत चिवट आणि वेळखाऊ टप्पा असतो, त्यानंतर फुग्याने मार्ग रुंद करून स्टेंट बसवतात. पोट उघडावे लागत नाही. शिरेच्या आतून सोनोग्राफी करणारी एक बारीक नळी असते, तिला आयव्हस म्हणतात. नुसत्या क्ष-किरण चित्रात दोन मितीच दिसत असल्यामुळे रोगाची खरी लांबी कमी वाटू शकते, आणि व्रण असलेला भाग स्टेंटबाहेर राहिला तर तेथेच पुन्हा अडते. म्हणून ज्या केंद्रात आयव्हस आहे तेथेच ही शस्त्रक्रिया करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ज्यावर सर्व काही अवलंबून आहे तो प्रश्न आपण विचारलेला नाही, तो म्हणजे मांडीतून वर येणारा प्रवाह कसा आहे. जायकवाडीच्या कालव्याची शेताकडची चारी कितीही रुंद खोदली आणि वरून पाणीच आले नाही, तर ती गाळाने भरते. स्टेंटचेही तसेच आहे. धमनीत दाब जास्त आणि रक्त वेगवान असते, शिरेत दाब कमी आणि गती मंद असते, त्यामुळे खालून भरघोस रक्त आले नाही तर उत्तम बसवलेला स्टेंटही गोठून बंद होतो. जांघेतील कॉमन फेमोरल शीर आणि मांडीतील खोल शीर, जिला प्रोफंडा म्हणतात, या दोन्हींची अवस्था अहवालात काय लिहिली आहे, ते कळवावे. नुसते इलिॲक बंद आहे एवढ्यावरून होकार किंवा नकार देता येत नाही.

फलिताविषयी आकडे मागितलेत म्हणून सांगतो. नेग्लेन, राजू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ९८२ पायांवरील स्टेंटचा अनुभव प्रसिद्ध केला. जुन्या गुठळीच्या रुग्णांत सहा वर्षांनी पुन्हा कोणताही हस्तक्षेप न करता उघडे राहिलेले स्टेंट ५७ टक्के होते आणि गरजेनुसार पुन्हा फुगा किंवा अन्य उपचार करून उघडे ठेवलेले धरले तर ८६ टक्के. गुठळी नसून नुसता दाब असलेल्यांत हेच आकडे ७९ आणि १०० होते. पाच वर्षांत दुखणे पूर्ण थांबलेले ६२ टक्के, जखमा भरलेल्या ५८ टक्के, पण सूज पूर्ण गेलेले केवळ ३२ टक्के होते. याचा अर्थ वहिनींना वेदना आणि जखम यांत चांगला फरक पडण्याची वाजवी आशा आहे. दोन्ही पाय सारखे दिसतील अशी अपेक्षा मात्र धरू नये.

जोगाईची_लेक (अंबाजोगाई)

मी शिक्षिका आहे आणि माझ्या डाव्या इलिॲक शिरेत पुण्याला स्टेंट बसवलेला आहे, तेव्हा रुग्णाच्या बाजूने थोडे लिहिते.

पूर्ण भूल दिलेली नव्हती. गुंगीचे औषध होते. फुगा फुगवताना कंबरेत खोलवर कळ येते, आणि नंतरही काही दिवस कंबर अशी दुखते की काहीतरी बिघडले अशी शंका येते. हे दुखणे अपेक्षित आहे, असे मला आधी सांगितले नसते तर मी घाबरून रुग्णालयात परत गेले असते, म्हणून आपल्या वहिनींना ते आधीच सांगून ठेवा. फरक सर्वांत आधी जाणवला तो चालण्यात. शाळेचा जिना चढताना पोटरी भरून यायची, ते थांबले. घोटा संध्याकाळी अजूनही सुजतो.

मोजे सुटलेले नाहीत. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मांडीपर्यंतचा दाबाचा मोजा घालणे म्हणजे काय, हे पुण्याच्या डॉक्टरांना समजावणे अवघड गेले. शेवटी त्यांनी गुडघ्यापर्यंतचा मोजा चालेल असे सांगितले आणि तो मी नियमाने घालते. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वीच तो चढवावा लागतो, कारण एकदा सूज उतरून घोट्यात आली की मोजा वर सरकत नाही. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड चांगली येते. कापड ताणले जाऊन दाब कमी होतो, म्हणून मोजे वेळोवेळी बदलावे लागतात आणि तो खर्च हिशेबात धरायला हवा.

स्त्रियांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण पुरुष मंडळींच्या ती लक्षात येत नाही. महालक्ष्म्यांच्या सणाला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात, आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीही विचारत नाहीत. माझ्या जावेने प्रेमाने आणून दिल्या होत्या. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. एकदा गुठळी होऊन गेलेल्या बाईने या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, असे त्यांनी सांगितले. हे सासूबाईंनाही सांगून ठेवावे लागते.

फिजिशियन_लातूर

वरील शल्यचिकित्सकांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण दोन ठिकाणी थोडे सावरून घ्यावे असे वाटते.

पहिली गोष्ट स्टेंटच्या वाढत्या उत्साहाविषयी, आणि ती या धाग्यावर येणाऱ्या इतर वाचकांसाठी अधिक आहे. डाव्या इलिॲक शिरेवरील धमनीचा दाब हा पुष्कळ निरोगी माणसांतही आढळतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाची कोणतीही तक्रार नसलेल्या ५० जणांचे सीटी स्कॅन पाहिले, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्यात ती शीर निम्म्याहून अधिक दबलेली होती. म्हणून पाय थोडा सुजतो आणि स्कॅनमध्ये दाब दिसतो एवढ्यावर स्टेंट बसवून घेऊ नये. शिरेतला स्टेंट पुढे काढता येत नाही, आणि दाबाच्या जागी लहान व आखूड स्टेंट बसवल्यास तो सुटून हृदयापर्यंत गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. वहिनींची गोष्ट वेगळी आहे: त्यांची शीर बंद आहे, जखम आहे, चालणे अडले आहे.

दुसरी गोष्ट जखमेची. दीड वर्षात दाबाची पट्टी योग्य प्रकारे बांधली गेली आहे का? आपल्याकडे रोज मलम, वर कापूस आणि सैल क्रेप बँडेज एवढ्यालाच ड्रेसिंग म्हणतात. पायाच्या धमनीचा प्रवाह आधी तपासून घ्यावा, तो चांगला असेल तर अनेक थरांची घट्ट पट्टी प्रशिक्षित हाताने आठवड्यातून एकदोनदा बांधावी. हिमोग्लोबिन आणि साखर पाहावी. रक्तक्षय असलेल्या बाईची जखम भरायला वेळ लागतो. स्टेंटनंतरही ही पट्टी चालूच ठेवावी लागते, त्यामुळे ती शिकण्यात काही वाया जात नाही.

गोळ्यांबाबत सांगायचे तर जुन्या गुठळीवर स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणे अनिवार्य असते, सुरुवातीला हेपरिनसारखी इंजेक्शने आणि पुढे किमान काही महिने गोळ्या. कित्येकांना त्या दीर्घकाळ किंवा कायम घ्याव्या लागतात. त्याआधी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड या दोषाची रक्ततपासणी झालेली असावी, कारण तो असल्यास नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या जुन्या गोळ्या अधिक भरवशाच्या असतात. अशा गोळ्या चालू असतील तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, नियमित तपासून सामान्यतः २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. मेथी-पालक बंद करण्याची गरज नाही, प्रमाण रोज साधारण सारखे असावे. खरा धोका असतो तो अंगदुखीवर गावात मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांचा आणि कमरेत घेतलेल्या इंजेक्शनचा: पहिल्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, दुसऱ्याने स्नायूत रक्त साचते. कोणत्याही दवाखान्यात पाऊल टाकताच रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, हे पहिले वाक्य असले पाहिजे.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फाइल पुन्हा नीट पाहिली. अहवालात लिहिल्याप्रमाणे कॉमन फेमोरल शीर अरुंद आहे पण बंद नाही, मांडीतील फेमोरल शिरेत जुने व्रण आहेत आणि प्रोफंडा रुंद व मोकळी आहे. अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी झालेली दिसत नाही. पट्टीबद्दल डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते अगदी खरे आहे, आमच्याकडे क्रेप बँडेजच चालू आहे. दादांनी हा धागा वाचला. त्यांचा आता मुख्य प्रश्न खर्चाचा आणि कामाचा आहे. हृदयाचे स्टेंट सरकारने स्वस्त केले, मग हे का नाहीत, असे ते विचारतात.

शिरांचा_वैद्य (छत्रपती संभाजीनगर)

प्रोफंडा रुंद आणि मोकळी आहे, ही या सगळ्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची माहिती होय. मांडीतील फेमोरल शीर बिघडली की प्रोफंडाच मोठी होऊन तिचे काम उचलते, आणि स्टेंटला लागणारा प्रवाह तिच्यातून मिळू शकतो. मात्र अरुंद झालेला कॉमन फेमोरलचा भागही स्टेंटने व्यापावा लागेल, म्हणजे स्टेंटचे खालचे टोक जांघेच्या सांध्याखाली, प्रोफंडाच्या मुखाच्या किंचित वर येईल. जांघेपलीकडे स्टेंट नेऊ नये हा धमन्यांसाठीचा नियम शिरांना तसा लागू होत नाही. शिरांसाठी बनवलेले लवचिक स्टेंट तेथील वाकणे सहन करतात. सुरुवातीचे काही आठवडे उकिडवे बसणे आणि जड ओझे उचलणे टाळावे. त्यानंतर वेचणी करता येईल, पण तासन्तास एकाच जागी उकिडवे बसून खुरपणी करण्यापेक्षा मध्ये उठून चालावे. चालणे जितके अधिक तितका पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो.

२०१७ मध्ये किमतीवर जी मर्यादा आली ती हृदयाच्या धमन्यांतील स्टेंटपुरती होती, शिरांचे स्टेंट त्यात येत नाहीत. वहिनींच्या बाबतीत कॉमन इलिॲकपासून कॉमन फेमोरलपर्यंतची लांबी पाहता एकाहून अधिक स्टेंट लागण्याची शक्यता आहे. म्हणून अंदाजपत्रक मागताना ते प्रत्येक स्टेंटमागे, तसेच आयव्हसची नळी आणि फुगे वेगळे दाखवून लेखी मागावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हा उपचार कोणत्या शीर्षाखाली बसतो, हे त्या रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे, कारण पूर्वमंजुरी नंतर मिळत नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आताच काढून ठेवावा. केंद्र निवडताना तेथे कॅथलॅब (तार-नळीने उपचार करण्याची खोली) आहे एवढ्यावर समाधान मानू नका. शिरांचे स्टेंट तेथील डॉक्टर नियमितपणे बसवतात का आणि स्टेंट बंद पडल्यास तेथेच उघडण्याची सोय आहे का, हे विचारायला संकोच नको.

लातूरच्या डॉक्टरांची पट्टीविषयीची सूचना मला पूर्ण मान्य आहे. मी फक्त एवढेच म्हणेन की शीर पूर्ण बंद असताना पट्टी अपयशी ठरण्याची वर्षभर वाट पाहू नये. पट्टी उद्यापासून सुरू करावी आणि स्टेंटची तयारी बरोबरच चालू ठेवावी.

स्टेंटनंतरची पहिली डॉपलर तपासणी रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी, पुढच्या तपासण्या पहिल्या काही आठवड्यांत, मग तीन व सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करतात. यातील सुरुवातीच्या तपासण्या चुकवू नयेत, कारण स्टेंट गोठण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. पाय अचानक पूर्वीसारखा सुजला किंवा जड झाला, तर ड्रेसिंगला जायच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे. गुठळी ताजी असेपर्यंत, साधारण पहिल्या १४ दिवसांत, औषधाने किंवा नळीने ती काढून स्टेंट पुन्हा उघडता येण्याची चांगली शक्यता असते. नंतर ते फार कठीण होते.

दुसऱ्या मतासाठी कोठेही गेलात तरी अहवालाच्या कागदासोबत सीटी व्हेनोग्रामची सीडी अवश्य न्या. प्रोफंडाचे मुख आणि अरुंद भाग यांतील अंतर प्रत्येक शल्यचिकित्सकाला स्वतः मोजून पाहायचे असते, आणि सीडी नसेल तर तोच स्कॅन, त्याच खर्चात, पुन्हा करावा लागतो.